चूक शोधा, पण ओळ खोडू नका

अलिबागला आपण जातो ते समुद्रासाठी. पण त्याच गावात पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी एक जुनी वेधशाळा आहे. आधी ही मोजणी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला आणले. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई फरामजी मूस. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या.

या नोंदी म्हणजे आकड्यांचे तक्ते. तासाला एक आकडा धरला, तरी वर्षाचे ८,७६० होतात आणि शंभर वर्षांचे पावणेनऊ लाख. असे तक्ते कागदावरून संगणकात उतरवताना चुका होणारच. त्या डोळ्यांनी शोधायला बसलो तर जन्म पुरणार नाही. इथे उपयोगी पडते ती 'क्वेरी', म्हणजे तक्त्याला विचारलेला प्रश्न.

एक्सेलमध्ये 'पॉवर क्वेरी' नावाची सोय आहे. तिच्यात तक्ता उघडला की सर्वांत आधी अनुक्रमांकाचा रकाना जोडावा, म्हणजे सापडलेली ओळ मूळ कागदावर कुठे आहे ते कळते. मग आकड्यांच्या रकान्याला 'हा रकाना संख्येचा' असे सांगावे. कुणी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाइप केला असेल किंवा 'यंत्र बंद' असे लिहिले असेल, तर त्या चौकटीत 'एरर' उमटते. आता तो रकाना निवडून 'कीप एरर्स' ही आज्ञा दिली की फक्त सदोष ओळी समोर राहतात. मूळ तक्ता जागच्या जागी असतो.

पण एवढ्यावर समाधान मानू नये. रिकामी चौकट संगणकाच्या लेखी चूक नसते. ती वेगळी विचारावी लागते. दुसरे असे, की चुंबकीय नोंदींच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत न मिळालेल्या नोंदीच्या जागी ९९९९९ लिहितात. संगणकाला ती रीतसर संख्याच वाटते. अलिबागचे क्षैतिज बल, म्हणजे आडव्या दिशेतले बल, ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते. त्यात असे दोन-चार आकडे मिसळले तर सरासरीचा बोजवारा उडतो. तेव्हा 'अमुक मर्यादेबाहेरच्या ओळी दाखव' असाही प्रश्न हवा.

तिसरी परीक्षा शाळेतल्या पायथागोरसची. क्षैतिज आणि उभ्या बलाच्या वर्गांची बेरीज एकूण बलाच्या वर्गाइतकी यायला हवी. एकूण बल वेगळ्या यंत्राने मोजले असेल, तर ज्या ओळीत हा हिशेब जुळत नाही तिथे कुठेतरी घोळ आहे.

मग सापडलेल्या ओळी सरसकट काढून टाकायच्या का? नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या नोंदींत क्षैतिज बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेले दिसते. मर्यादेचा प्रश्न विचारला तर ही ओळ हमखास 'चूक' म्हणून पुढे येईल. प्रत्यक्षात आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरचा प्रचंड स्फोट पाहिला होता, आणि त्या वादळाने युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचीही दाणादाण उडवली होती. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता ठरवली. कुणी शहाणपणा करून ती ओळ खोडली असती, तर हा पुरावाच हरवला असता.

म्हणून पतपेढीची खातेवही असो की शाळेचा निकालपत्रक, चुकीच्या ओळी जरूर वेगळ्या काढा. मूळ कागद उघडून पाहा. दुरुस्ती केली तर शेजारच्या रकान्यात कारण लिहा. संशयित ओळ दाखवून देणे एवढेच क्वेरीचे काम. ती खरी की खोटी, हे ठरवायला माणूसच लागतो.