रात्रीची कूस कोण बदलणार?

पक्षाघाताचा झटका येतो, पनवेलला किंवा मुंबईत पंधरा-वीस दिवस उपचार होतात आणि मग डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." कर्जत-खालापूरच्या घरांत खरी तीमारदारी इथून सुरू होते. एक्सप्रेस-वेवर अपघात होऊन कण्याला मार बसलेल्या तरुणाचेही तेच. औषधांची चिठ्ठी हातात असते, पण पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे हे बहुतेकदा कोणी नीट समजावलेले नसते. काही दिवसांत माकडहाडापाशी काळपट डाग दिसतो. घरचे म्हणतात, आजारच मोठा, हे होणारच.

होणारच असे मुळीच नाही. याचा पुरावा परळच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि त्या कधीच उठल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे 42 वर्षे, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. 2011 साली त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा इतकी वर्षे अंथरुणात असूनही अंगावर बिछान्याची जखम नाही, याची न्यायालयाने खास दखल घेतली. महापालिकेच्या रुग्णालयात हे घडले. त्यामागे महागडे यंत्र नव्हते, रोजची निगा होती.

जखम होते कशी? आपण झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याला हालचाल किंवा संवेदना उरली नाही, त्याचे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन् तास दबून राहते. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस आतून मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे, डोक्याची मागची बाजू ही नेहमीची ठिकाणे. लघवीचा ओलावा, मधुमेह आणि अशक्तपणा त्यात भर घालतात.

इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास 1962 साली प्रसिद्ध झाला. तोवर अशा रुग्णांच्या कातडीला नाना द्रव्ये चोळण्याची रीत होती. अभ्यासात दिसले, की चोळण्याने काही साधत नाही. वेळोवेळी दाब हलवल्याने साधते. कोणाला धोका जास्त हे आधीच ओळखता यावे म्हणून त्यांनी गुणांचा एक तक्ताही तयार केला. आपल्याकडे मात्र अजून स्पिरिट-पावडर चोळणे चालू आहे. लाल झालेल्या जागी चोळल्याने उलट नुकसान होते. पाठीखाली रबरी रिंग ठेवणेही चुकीचे, कारण तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी आवळला जातो.

करायचे ते साधे आहे. दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस. पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी घातली की टाचा अधांतरी राहतात. माणसाला ओढू नये. अंगाखाली घडीची चादर ठेवून दोघांनी उचलून सरकवावे. रोज अंग पुसताना लाल जागा बोटाने दाबून पाहावी. लाली गेली नाही, तर तो पहिला इशारा समजावा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरमपणा किंवा कडकपणा पाहावा. डॉक्टरांनी पथ्य सांगितले नसेल तर अंडी, मासे, डाळ भरपूर द्यावी.

एअर-बेड घेतला म्हणजे कूस बदलायची गरज नाही, हा गैरसमज आहे. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की त्याचा पंप बंद.

खरा पेच रात्रीचा. नमाजच्या वेळांवर हे बांधता येत नाही. इशा आणि फजर यांत मोठे अंतर असते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील एका अभ्यासात दाट फोमच्या गादीवरच्या वृद्धांमध्ये दोन, तीन आणि चार तासांच्या अंतराने फारसा फरक दिसला नाही. म्हणजे चांगली फोमची गादी घेतली तर डॉक्टरांना विचारून रात्रीचे अंतर वाढवता येईल. कापसाच्या गादीवर तो धोका पत्करू नये.

आणि उठायचे कोणी? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले: सून. दिवसभर स्वयंपाक, मुले, वर रात्रीचे जागरण. सासऱ्यांची सफाई करायची तर पर्द्याचाही प्रश्न येतो. ते काम मुलांचे आहे आणि त्यांनी ते मागायची वाट पाहू नये. वहीच्या पानावर वेळ, कूस आणि करणाऱ्याचे नाव असे तीन रकाने आखून भिंतीला लावा. कोणाचे नाव किती वेळा येते, ते आठवड्यात सर्वांना दिसेल. इयादतीला येणाऱ्यांनीही फळांच्या पिशवीबरोबर दोन तास द्यावेत, तेवढ्यात घरची बाई झोपून घेईल.

कातडी फाटली, काळी पडली, वास किंवा ताप आला, तर घरी मलम लावत बसू नये. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे किंवा चौकचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी दाखवावे. जाताना भिंतीवरचे ते पानही बरोबर न्यावे.