वनौषधींचे अर्क आणि रक्तातील साखर

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड किंवा बेडकीचा पाला सुरू केल्यास गोळ्या बंद करता येतील काय? धाराशिव जिल्ह्यात अशी औषधे परसात वा आठवडी बाजारात मिळतात. त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. तो हसण्यावारी नेणे योग्य नव्हे.

वनस्पतीची परीक्षा करावयाची तर प्रथम तिची ओळख, वापरावयाचा भाग व अर्क काढण्याची रीत निश्चित करावी लागते. पाण्यात उतरणारी द्रव्ये निराळी, मद्यार्कात उतरणारी निराळी. जमीन व हंगामानुसार त्यांचे प्रमाणही बदलते. नंतर तो अर्क मधुमेह निर्माण केलेल्या उंदरांना दिला जातो. ही पायरी पुष्कळ वनस्पती ओलांडतात. माणसांवरील शिस्तबद्ध चाचणीपर्यंत थोड्याच पोहोचतात.

बिबळा अर्थात विजयसार ही त्यांपैकी एक. त्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची प्रथा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा उत्साहवर्धक खरा. परंतु हे रुग्ण नव्याने निदान झालेले होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि मात्रा दररोज २ ते ४ ग्रॅम अशी मोजून दिलेली होती. पेल्यातील पाण्यात किती द्रव्य उतरले, हे कोण मोजणार?

बेडकीचा पाला, म्हणजेच गुडमार, चघळल्यावर साखर गोड लागत नाही. जिभेची गोडी गेली म्हणजे रक्तातील साखरही गेली, असा समज त्यातून होतो. तो चुकीचा आहे.

वनस्पतींची उपेक्षा करावी, असे मात्र आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. मेटफॉर्मिन या गोळीचे मूळ गॅलेगा या युरोपीय वनस्पतीपर्यंत जाते. तिच्यातील मूळ द्रव्य विषारी ठरले. त्याच्याशी साम्य असलेल्या, प्रयोगशाळेत बनविलेल्या मेटफॉर्मिनचा रुग्णांवरील उपयोग डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला.

इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाने, विशेषतः लहान मुलाने, पाल्याच्या भरवशावर ते थांबविल्यास जिवावर बेतते. गोळ्यांसोबत काढा घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरून घाम, थरकाप व भोवळ येऊ शकते. तेव्हा घरी जे काही चालू असेल, त्याची पुडी वा बाटली तपासणीस येताना सोबत आणावी. त्याबद्दल येथे कोणी रागावणार नाही.