औषधांचे नखरे, सिस्टरांची नजर

ॲडेनोसिन हे औषध फार घाईचे. हृदयाचे ठोके अचानक भरधाव सुटले की ते शिरेतून देतात, आणि रक्तात शिरल्यावर दहा सेकंदांच्या आत त्यातले निम्मे संपलेले असते. म्हणून कोपराजवळची मोठी शीर पकडायची, झटक्यात पुश करायचे आणि लगेच मागून सलाईनचा फ्लश मारायचा. सावकाश दिले तर हृदयापर्यंत पोचायच्या आतच खेळ खलास. नीट पोचले तर मॉनिटरवर क्षणभर सरळ रेघ येते, आणि नवख्या सिस्टरचे ठोके तेवढ्यात वाढतात!

ठोक्यांवरच्याच दुसऱ्या औषधाची, ॲमिओडॅरोनची तऱ्हा अगदी उलटी. महिनोन् महिने घेतलेली ही गोळी गणपतीत बंद केली, तरी दिवाळीच्या फराळापर्यंत तिचा चांगला मोठा अंश अंगात मुक्कामाला असू शकतो.

आता टोपीचे राजकारण. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक कुप्यांत दर मिलिलिटरला 40 युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र 100. लाल टोपीची सिरिंज 40वाल्यासाठी, केशरी टोपीची 100वाल्यासाठी. पेन बिघडले म्हणून कुणी कार्ट्रिजमधले औषध लाल टोपीच्या सिरिंजने 20च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात जातात 50 युनिट. साखर कोसळायला तेवढे पुरे. शिवाय ‘युनिट’ पूर्ण लिहायचा कंटाळा करून नुसता इंग्रजी ‘यू’ खरडला, की तो शून्यासारखा दिसतो आणि 4चे 40 होतात. टिंबाचीही तीच गत: 1.0 मधले टिंब पुसट झाले की 10, आणि .5 मधले दिसले नाही की थेट 5. थोडक्यात, शून्य टिंबाच्या आधी हवे, नंतर लटकलेले नको.

वजन बघून डोस ठरवायचा, हे लहान मुलांच्या वॉर्डात पहिल्या दिवशी शिकवतात. सर्पदंशाच्या इंजेक्शनला हा नियम लागू नाही. चिमुरड्याला आणि सहा फुटी बाप्याला डोस सारखाच, कारण मारायचे असते ते विष, आणि साप काही समोरच्याचे वय विचारून कमी विष सोडत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून आपल्याकडे एकच औषध आहे, घोड्याच्या रक्तापासून बनवलेले. त्याची पावडर पाण्यात मिसळताना कुपी गदागदा हलवली की नुसता फेस होतो, म्हणून ती हळुवार गोल फिरवायची. घोड्याची प्रथिने काही जणांना अजिबात सोसत नाहीत, त्यामुळे ॲड्रिनॅलिन हाताशी हवेच.

विंचवाचा किस्सा तर आपल्या महाडचा. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो आणि हृदय त्याखाली दबते. डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळीचा एक नखरा मात्र सिस्टरांनी सांभाळायचा: पहिल्या डोसनंतर रुग्ण ताडकन उठून बसला तर रक्तदाब धाडकन उतरतो. तेव्हा त्याला झोपवूनच ठेवायचे, नातेवाईक ‘उठ बाळा, चहा घे’ म्हणत असले तरी.

डायनामाइटमधले नायट्रोग्लिसरिन छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात. गिळले तर यकृतच बहुतेक सगळे फस्त करते. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल, त्यालाही आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिले होते. ते देण्याआधी एक नाजूक प्रश्न विचारावा लागतो: सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची गोळी घेतली आहे का? दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब तळ गाठतो. पलंगाभोवती बायको, मेहुणा आणि सासूबाई उभ्या असताना याचे खरे उत्तर मिळत नाही. त्यांना आधी बाहेर पाठवावे.

काही औषधांची सोयरीकही ठरलेली. फिट्सवरचे फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये नांदते, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे होतात. बुरशीवरचे साधे ॲम्फोटेरिसिन-बी डेक्स्ट्रोजमध्ये सुखी, सलाईनमध्ये फुटते.

थेंबांचा हिशेब मात्र सोपा. मायक्रो सेटमध्ये 60 थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे ताशी 40 मिलिलिटर द्यायचे असेल तर मिनिटाला 40 थेंब. आकडेमोड शून्य! 20 थेंबांचा सेट असेल तर ताशी आकड्याला तीनने भागा.

आणि बाळाला ताप आला म्हणून आई धावत आली, तर ‘पॅरासिटामॉल किती दिले?’ एवढेच विचारून भागत नाही. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा 100 मिलिग्रॅम असते, 125च्या सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये फक्त 25. ‘पाच एमएल दिलं’ याचा अर्थ 125 की 500, हे बाटली बघितल्याशिवाय कळत नाही.