पडद्यावरून हातात (लेखांक ६) : आयत्या बिळातले नागोबा

शेरिडन मेला आणि परत आला. शेपर्डही मेला आणि परत आला. पहिल्याने झाहाडूम नावाच्या ग्रहावर, डोक्यावर अणुबॉम्ब घेऊन कोसळणारं स्वतःचंच जहाज पाहत, खोल विवरात उडी टाकली. दुसऱ्याच्या जहाजाचे अवकाशात तुकडे झाले आणि त्याच्या सूटमधली हवा संपली. पहिल्याला एका अतिप्राचीन जीवाने उठवलं, पण फक्त २० वर्षांची मुदत देऊन. दुसऱ्याला एका बदनाम संघटनेने दोन वर्षं खपून, पाण्यासारखा पैसा ओतून पुन्हा उभा केला. दोघेही माणसांच्या आरमारातले अधिकारी. उठल्यावर दोघांच्याही पुढ्यात काम एकच: हजारो वर्षांनी जागा झालेला शत्रू दारात आहे आणि एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्या जमातींना एका बाजूला आणायचंय.

गेले पाच आठवडे सिनेमातून गेममध्ये काय काय आलं ते आपण पाहिलं. आज टीव्हीची पाळी. मालिका ‘बॅबिलॉन ५’, गेम ‘मास इफेक्ट’. शेपर्ड पुरुष ठेवायचा की बाई, हे खेळणारा ठरवतो. मी इथे सोयीपुरता ‘तो’ म्हणतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, दोन्हींचे शेवट या लेखात फुटणार आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी हे पान घडी घालून ठेवावं.

ओळख थोडक्यात. ‘बॅबिलॉन ५’ची सुरुवातीची टेलिफिल्म १९९३ची, मालिका १९९४ ते १९९८. पाच सीझन, ११० भाग. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की या लेखकाने पाच वर्षांची कादंबरी लिहावी तशी ती आधीच मनात आखली होती आणि ११०पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. दर आठवड्याला नवं गाव, नवी भानगड आणि तासाभरात सगळं जागच्या जागी, अशी तेव्हाच्या टीव्हीची रीत होती. इथे मात्र पहिल्या सीझनमधल्या थापेची किंमत चौथ्या सीझनमध्ये चुकवावी लागते. ‘मास इफेक्ट’ कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीचा. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग. पहिल्या भागात ज्याला मरू दिलंत तो तिसऱ्या भागात येत नाही, कारण तुमची सेव्ह फाइल पुढच्या गेममध्ये उचलली जाते. म्हणजे दोन्हीकडे मुळातली हौस एकच: केलेलं विसरू द्यायचं नाही.

वरवरची साम्यं मोजायला बसलो तर लेखांक पुरणार नाही. दूरच्या ताऱ्यांकडे नेणाऱ्या कमानी इथेही, तिथेही. माणूस दोन्हीकडे नवखा, दिंडीत मागून घुसून पुढच्या ओळीत उभं राहू पाहणारा. एका परग्रही जमातीशी पहिली गाठ दोन्हीकडे गैरसमजातून युद्धावर जाते. मालिकेत मिनबारी लोक समोरच्याला मान द्यायचा म्हणून जहाजाच्या तोफांची दारं उघडी ठेवून येतात. माणसांना ती हल्ल्याची तयारी वाटते, गोळीबार होतो आणि त्यात मिनबारींचा पुढारीच मरतो. मास इफेक्टमध्ये माणसं एक बंद पडलेली कमान सुरू करायला जातात. तसं करायला कायद्याने बंदी आहे हे त्यांच्या गावीही नसतं, आणि ट्युरियन जमातीची गस्तीची जहाजं थेट गोळ्या झाडतात. पहिलं युद्ध तीन वर्षं चालतं, दुसरं तीन महिने.

यावरून उचलेगिरीचा आरोप करायला मी तयार नाही. फार पुरातन शक्ती आणि त्यांच्या भांडणात चिरडली जाणारी लहान लेकरं, ही कल्पना ई. ई. स्मिथच्या ‘लेन्समन’ कादंबऱ्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेच येऊन गेली. ठरावीक काळाने प्रगत संस्कृती कापून काढणारी यंत्रं अॅलिस्टर रेनॉल्ड्सच्या २०००च्या कादंबरीतही आहेत. हे विज्ञानकथेचं सामायिक विहिरीचं पाणी आहे, ज्याची त्याची घागर वेगळी. मला रस आहे तो घागरीत.

म्हणून स्थानकाकडे येऊ.

बॅबिलॉन ५ हे पाच मैल लांबीचं फिरतं नळकांडं. फिरतं म्हणून आत वजन जाणवतं. अडीच लाखांची वस्ती. वकिलाती, बाजार, जुगाराचे अड्डे आणि खालच्या मजल्यांवर, ज्यांना परतीचं तिकीट परवडत नाही अशांची झोपडपट्टी. नावातला पाचचा आकडा उगीच नाही. पहिली तीन स्थानकं घातपातात गेली, चौथं सुरू झाल्यावर २४ तासांत नाहीसं झालं. भांडणाऱ्यांनी एका टेबलाशी बसावं एवढ्यासाठी माणसांनी पाचव्यांदा पैसे घातले. पहिल्या सीझनच्या एका भागात तर परग्रही कोणीच हल्ला करत नाही. गोदीतले हमाल जुनाट यंत्रांनी आणि कमी माणसांत काम करवून घेतात म्हणून संपावर जातात. वरून एका कायद्याचा आधार घेऊन संप चिरडायचा हुकूम येतो. स्थानकाचा तेव्हाचा प्रमुख कमांडर सिंक्लेअर त्याच कायद्याचं एक कलम काढतो, संप मिटवायला लागेल ते करायची मुभा देणारं, आणि लष्कराच्या खर्चातले पैसे यंत्रांकडे आणि नव्या भरतीकडे वळवून संप मिटवतो. मुंबईत ज्याने गिरणीसंप पाहिला किंवा घरच्यांकडून ऐकला त्याला हा भाग अवकाशातला वाटणारच नाही. स्थानक चालवणं म्हणजे नळ, पगार, कचरा आणि मग उरल्या वेळात विश्वशांती, हे या मालिकेला पक्कं ठाऊक आहे.

मास इफेक्टमधलं सिटाडेल याच्या कित्येक पट मोठं: ४४ किलोमीटरहून लांब, सव्वा कोटीच्या पुढे वस्ती. मधल्या कड्यात तळी, झाडं आणि मंत्र्यांची कार्यालयं, पाच लांब पाकळ्यांवर शहरं. पण बांधलंय कोणी? कोणीच नाही. आसारी जमात फिरत फिरत तिथे पोचली, स्थानक रिकामं सापडलं, मग सॅलेरियन आले, मग बाकीचे. दिवे लागतात, हवा शुद्ध होते, कीपर नावाचे हिरवे कीटकासारखे मुके जीव सगळी दुरुस्ती करतात आणि कोणी त्यांच्या वाटेला जात नाही, कारण चाललंय ते चालू द्यावं. आयत्या बिळावर नागोबा!

आणि पहिल्या गेमच्या अखेरीस कळतं की बीळ खऱ्या नागानेच खणून ठेवलंय. रीपर्स नावाची महाकाय यंत्रजहाजं आकाशगंगेबाहेरच्या अंधारात झोपून असतात. सिटाडेल हाच त्यांचा आत यायचा दरवाजा. दर ५० हजार वर्षांनी कोणीतरी प्रगत होतं, सिटाडेल शोधतं, तिथेच राजधानी थाटतं. मग दरवाजा उघडतो आणि सरकारच पहिल्या फटक्यात जातं. आधीच्या प्रोथियन लोकांचं असंच झालं. ही गेमची सर्वांत चलाख कल्पना आहे आणि इथे गेम मालिकेच्या पुढे जातो असं माझं मत. बॅबिलॉन ५वर बोलणी करणाऱ्यांना टेबल घामाने मिळालं. सिटाडेलवाल्यांना फुकट मिळालं आणि त्यांनी ते कोणाचं, हे विचारलंच नाही.

आता शत्रू. मालिकेत तो दुहेरी आहे. शॅडोज म्हणजे कोळ्यासारखी काळी जहाजं, जाताना मनात किंचाळी उमटवणारी. प्रत्येकाच्या गाभ्यात जिवंत जीव तारांनी जखडलेला. रीपर्स त्यांच्या जवळचेच: एकेका संपवलेल्या जमातीला वितळवून एकेक जहाज घडवलेलं, आणि सहवासात राहिलेल्याचं मन हळूहळू त्यांचं होऊन जातं. पण शॅडोजची खरी ताकद तोफेत नाही, प्रश्नात आहे. मॉर्डेन नावाचा एक हसतमुख, कडक इस्त्रीचा माणूस स्थानकावर येतो आणि राजदूत एकेकटे गाठून विचारतो: तुला काय हवंय? मिनबारी राजदूत डेलेन त्याला बाहेर काढते. नार्नचा जकार म्हणतो, सेंटॉरींचा सूड हवा. पण सूड झाल्यावर पुढे काय, यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. सेंटॉरींचा लोंडो आधी टाळतो, मग भडाभडा बोलतो की आमचं गेलेलं साम्राज्य परत हवं. मॉर्डेनला गिऱ्हाईक सापडलं. पुढल्या सीझनमध्ये सेंटॉरी जहाजं नार्नच्या ग्रहावर अशनींचा मारा करतात आणि लोंडो काचेआडून ते पाहत उभा राहतो. त्याने मागितलं तेच त्याला मिळालेलं असतं. लोंडो झालेल्या पीटर जुरासिकचा तो चेहरा आणि काचेवरचं आगीचं प्रतिबिंब यासाठी मी मालिकेचे सगळे जुनाट कॉम्प्युटर इफेक्ट माफ केले आहेत.

शॅडोजच्या विरुद्ध बाजूला व्हॉर्लॉन. त्यांचा प्रश्न: तू कोण आहेस? एकाला वाटतं लेकरं भांडून मोठी होतात, दुसऱ्याला वाटतं आज्ञा पाळून. लेकरांना कोणी विचारत नाही. शेवटी व्हॉर्लॉनही, शॅडोजचा स्पर्श झालाय म्हणून, अख्खे ग्रह जाळत सुटतात. आपल्याकडच्या युगांच्या गणनेची इथे आठवण येईल, पण कलियुग संपवण्यामागे कोणाचा हट्ट नसतो. इथे मात्र जुन्या खोडांचा हट्टच सगळं करतोय.

चौथ्या सीझनच्या सहाव्या भागात, १९९७ साली, हे युद्ध संपतं. दोन्ही आरमारं समोरासमोर, मधे लहान जमातींची जहाजं. व्हॉर्लॉन शेरिडनला आणि शॅडोज डेलेनला आपापल्या बाजूला ओढून म्हणतात: निवडा, आम्ही की ते. शेरिडन म्हणतो, दोघेही नाही. तुमचं भांडण तुम्ही घ्या आणि चालते व्हा. चिडून दोघेही त्याच्यावर अस्त्रं सोडतात आणि लहान जमातींची जहाजं आडवी येऊन ती अंगावर घेतात. मरायला तयार असलेल्या पण निवडायला तयार नसलेल्या लोकांपुढे त्या जुन्या देवांचं काही चालत नाही. ते निघून जातात. तेव्हा खूप जणांना हे फारच चटकन उरकलं असं वाटलं. पाचवा सीझन मिळेल की नाही याची खात्री नसल्याने कथा आवळली गेली होती, तेही खरं. मला मात्र हा शेवट दर वेळी जास्त पटतो.

आता २०१२. शेपर्ड रक्तबंबाळ, लंगडत, सिटाडेलच्या माथ्यावर पोचतो. समोर उजेडाचा एक मुलगा. तो सांगतो की रीपर्स माझे. तुम्ही यंत्रं घडवता, यंत्रं तुमच्यावर उलटतात, म्हणून तसं होण्याआधी आम्हीच तुम्हाला कापून साठवून ठेवतो. मग पुढ्यात तीन वाटा: रीपर्सना नष्ट कर, त्यांचा ताबा घे, किंवा जीव आणि यंत्र एक करून टाक. लाल, निळी, हिरवी.

ज्या खेळाडूने काही तासांपूर्वी गेथ यंत्रांत आणि त्यांना घडवणाऱ्या क्वेरियन लोकांत समेट घडवून आणला होता, त्याच्या तोंडी साधं एक वाक्य येऊ शकत नव्हतं: अरे बाबा, तुझं गणितच चुकलंय, खाली जाऊन बघ, दोघं मिळून घरं बांधताहेत. डायलॉगचं चाक तीन गेमभर प्रत्येक हमरीतुमरीत तुमची मतं विचारत आलं आणि ऐन वेळी गप्प झालं. ज्या मालिकेत प्रेक्षकाच्या हातात रिमोटशिवाय काही नव्हतं तिथे नायकाने नाही म्हटलं. ज्या गेममध्ये सगळी गंमत निवडण्यातच होती तिथे तेवढी एक वाट बांधलेली नव्हती. चाहत्यांनी बायोवेअरला सुमारे ४०० कपकेक पाठवले, लाल, निळं, हिरवं आयसिंग लावलेले. आतून चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. निषेधाचा इतका नेमका प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

जून २०१२मध्ये कंपनीने फुकटात वाढीव शेवट दिला. त्यात चौथी वाट आली. आता तुम्ही नकार देऊ शकता. त्या उजेडाच्या मुलावर गोळी झाडली तरी तो नकारच धरला जातो. त्याचा आवाज एकदम घोगरा होतो, ‘बरं, तसंच होऊ दे’ अशा अर्थाचं तो काहीतरी बोलतो आणि रीपर्स उरलेल्या सगळ्यांना संपवतात. हजारो वर्षांनी कोणा पुढच्या जमातीला जमिनीत पुरलेला निरोप सापडतो, एवढंच हाती राहतं.

दोन्हींपैकी आधी काय, असं विचाराल तर मालिका आधी पाहा. पहिला सीझन अडखळतो, पण सोडू नका, मॉर्डेन तेराव्या भागात येतो. गेमचे तीनही भाग २०२१च्या ‘लेजंडरी एडिशन’मध्ये एकत्र मिळतात आणि नकाराची वाट त्यात आहे. पुढच्या आठवड्यात ‘होमवर्ल्ड’ आणि १९७८ची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’.