घरात डोनर शोधताना

किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो आणि नेमका तोच कुणी बोलत नाही: किडनी कोण देणार? पेशंटला मागायचा संकोच वाटतो. बाकीच्यांना धास्ती असते की एकदा शब्द गेला तर मागे फिरता येणार नाही. डायलिसिस चालू असतं, म्हणून घाई नाही असंही वाटत राहतं आणि महिने जातात. हे महिने वाया जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

धडधाकट किडन्या आठवड्याचे 168 तास काम करतात. मशीन आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, म्हणजे 12 तास. उरलेल्या वेळात पाणी आणि पोटॅशियम अंगात साठत राहतं. म्हणून पेशंटने पाणी मोजून प्यायचं, नारळपाणी टाळायचं, आणि दर वेळी मशीनवर जाण्याआधी वजनकाट्यावर उभं राहायचं. दोन किलो वाढलेत की चार, यावर पुढचे चार तास सुखाचे की पायात गोळे येण्याचे, ते ठरतं. डायलिसिस माणसाला जगवतं, त्याचे उपकार आहेतच. पण ज्याची तब्येत ऑपरेशन सोसू शकते, त्याला प्रत्यारोपणानंतर सहसा जास्त आणि मोकळं आयुष्य मिळतं. डोनर तयार असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधीही प्रत्यारोपण करता येतं. जीएफआर (किडन्या किती गाळतात याचा आकडा) 20 च्या आसपास आला की हा विषय डॉक्टरांकडे काढावा. मृत दात्याच्या किडनीसाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय समित्यांकडे हॉस्पिटलमार्फत नाव नोंदवलं जातं. त्याचीही चौकशी करून ठेवा, पण त्या यादीत नंबर लागायला वर्षं जातात.

आता मागायचं कसं? माझं मत स्पष्ट आहे: किडनी मागूच नये, परिस्थिती सांगावी. तीही पेशंटने एकेकाला गाठून नाही. घरातला एखादा समजूतदार भाऊ, मेहुणी किंवा जुना मित्र यांनी सगळ्यांना एकत्र सांगावं की असं असं झालंय, तपासण्या अशा असतात, कुणाला माहिती हवी असेल तर हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरशी परस्पर बोला. ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा. डोनरला डॉक्टरांशी एकट्याने बोलता आलं पाहिजे आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही नाही म्हणता आलं पाहिजे. त्याचं मन नसेल तर चांगले डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की हा डोनर चालणार नाही. त्यावर खोदून विचारू नये.

कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. सून, मेहुणा, मावशी, चुलतभाऊ आपल्या लेखी घरचेच, पण 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाहीत. त्यांनाही देता येतं, मात्र प्राधिकार समितीची परवानगी लागते. किडनीसाठी पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे. 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘डोनर मिळवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

तपासणी रक्तगटापासून सुरू होते. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे अडसर नसतो, त्यामुळे ओ निगेटिव्ह बहीण बी पॉझिटिव्ह भावाला देऊ शकते. मग डोनरचं बीपी, शुगर, लघवीतलं प्रोटीन, सीटी अँजिओग्राफी, दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजणारा स्कॅन. दोन्हींपैकी सरस किडनी डोनरकडेच ठेवायची, हा नियम. क्रॉसमॅचमध्ये पेशंटचं सीरम आणि डोनरच्या पांढऱ्या पेशी एकत्र करून पाहतात. पेशंटच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार असतील तर ते इथे कळतं. रक्तगट जुळला नाही म्हणून धीर सोडू नका. अशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते. आपली बायको त्यांच्या माणसाला देते, त्यांची आई आपल्याला, आणि ऑपरेशनं शक्यतो एकाच दिवशी होतात. प्लाझ्मा बदलून विजोड रक्तगटाचं प्रत्यारोपणही होतं, पण खर्च बराच वाढतो.

मंजुरीच्या फाइलमध्ये नात्याचे पुरावे लागतात: जन्मदाखले, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, जुने फोटोसुद्धा. समितीसमोरच्या मुलाखतीचं चित्रीकरण होतं. स्त्री डोनर असेल तर तिची संमती जास्त काळजीने तपासावी असं नियमच सांगतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. ‘तो कमावता आहे’ म्हणून भावाला तपासणीलाच न पाठवणारी घरं आहेत. आई आणि बायको यांच्या आधी किंवा निदान बरोबरीने पुरुषांनी रक्त तपासायला दिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून होतं. डोनर काही दिवसांत घरी जातो, काही आठवडे जड उचलत नाही. उरलेली किडनी आपलं काम वाढवते. धोका अगदी थोडा, पण शून्य नाही, हे डोनरला सरळ सांगावं. पेशंटच्या जुन्या किडन्या सहसा जागीच राहतात. नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि पुष्कळदा टेबलावरच लघवी सुरू होते. शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर, ठरल्या वेळी.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची विचारणा हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे पहिल्याच आठवड्यात करा. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयव दिला तर 42 दिवसांपर्यंत विशेष रजा आहे. डायलिसिसला नेणं-आणणं आठवडाभर एकाच माणसावर टाकू नका. वार वाटून घ्या.

ऑपरेशननंतर पेशंटची फाइल जाड होत जाते, डोनरची मात्र बंद पडते. त्याचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवी दरवर्षी तपासायला हवी, दुखऱ्या गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद व्हायला हव्यात. पेशंटच्या एखाद्या तपासणीच्या दिवशीच डोनरचीही तारीख घेऊन टाका.