रात्री संगणक अडून बसू नये म्हणून

परभणी भागात शेतीपंपाला रात्रीची वीज असली, की शेतकरी संध्याकाळीच तयारी करतो. पाणी कोणत्या वावरात सोडायचे ते ठरवून व्हॉल्व्ह लावून ठेवतो. वीज आली की ऑटो-स्टार्टर पंप सुरू करतो. मात्र एखादा व्हॉल्व्ह चुकीचा राहिला, तर सकाळी पाणी भलत्याच वावरात साचलेले दिसते.

शाळेच्या संगणकावर नवी प्रणाली बसवतानाही असेच घडते. ‘फ्रीबीएसडी’ या मुक्त संगणकप्रणालीतील ‘पोर्ट्स’ ही व्यवस्था १९९४ पासून आहे. तिच्यात प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आणून आपल्याच संगणकावर कम्पाइल करता येतो. याला कित्येक तास लागू शकतात. वर्ग दिवसा भरत असल्याने हे काम रात्रीवर टाकावे लागते. आपण ते सुरू करून घरी जातो आणि थोड्याच वेळात पडद्यावर प्रश्न उमटतो: ‘हा पर्याय हवा का?’ उत्तर द्यायला कोणीच नसते. सकाळी मुले येतात, तेव्हा प्रश्न तसाच आणि काम तिथेच!

मग सगळे प्रश्न आधीच का विचारून घेऊ नयेत? तशी सोय आहे. ‘मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह’ ही आज्ञा दिली, की मुख्य प्रोग्रॅम आणि तो ज्यांच्यावर अवलंबून आहे ते सर्व प्रोग्रॅम यांचे प्रश्न एकापाठोपाठ समोर येतात. उत्तरे डिस्कवर नोंदली जातात.

पण ही आज्ञा एकदाच देऊन भागत नाही. असे का? समजा, ‘पीएनजी चित्रे दाखवायची का?’ याला आपण ‘हो’ म्हटले. आता ‘लिबपीएनजी’ लागणार, आणि तिला ‘झेडलिब’ लागणार. म्हणजे आपल्या उत्तरामुळे यादीच वाढली! यादीत नव्याने आलेल्यांचेही प्रश्न असू शकतात. म्हणून एकही नवा प्रश्न येत नाही तोवर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. हे कधीतरी संपते का? संपते. प्रोग्रॅमची संख्या मर्यादित आहे, आणि एकदा उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा विचारला जात नाही.

यानंतर ‘फेच-रिकर्सिव्ह’ या आज्ञेने सर्व फायली उतरवून घ्याव्यात. मग रात्री इंटरनेट तुटले तरी काम अडत नाही. वीज गेली तर? जे भाग बसवून झाले, ते सहसा शाबूत राहतात. उरलेले काम सकाळी पुढे चालवता येते.

‘बॅच’ हा दुसरा मार्गही आहे. त्यात संगणक काहीच न विचारता ठरावीक उत्तरे धरून चालतो. हे सोपे खरे, पण ती उत्तरे आपल्या गरजेची असतीलच असे नाही.

वर्गात करून पाहा: गावच्या स्नेहसंमेलनाची कामे चिठ्ठ्यांवर लिहा. कोणते काम कशावर अवलंबून आहे, ते बाणांनी दाखवा. मग ‘नाटक करायचे का?’ याचे उत्तर ‘नाही’चे ‘हो’ करा. किती नव्या चिठ्ठ्या लागल्या? त्यातले कोणते प्रश्न आदल्या दिवशीच सोडवायला हवे होते?