विश्लेषण : ‘लॉस्ट’चा चौथा भाग दुसऱ्यांदा पाहताना वेगळा का वाटतो?

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ रोजी ‘लॉस्ट’ ही मालिका सुरू झाली. विमान कोसळून अज्ञात बेटावर अडकलेल्या प्रवाशांची ही गोष्ट २०१० पर्यंत, सहा सीझन चालली. तिच्या शेवटावरून चाहत्यांमध्ये आजही वाद होतात. मात्र १३ ऑक्टोबर २००४ रोजी दाखवलेला ‘वॉकअबाऊट’ हा चौथा भाग मालिकेतील सर्वोत्तम भागांपैकी एक मानला जातो. या भागाचा सारा डोलारा शेवटच्या धक्क्यावर उभा आहे. मग धक्का ठाऊक झाल्यावरही तो पुन्हा पाहण्यासारखा का राहतो? (पुढील मजकुरात भागाचा शेवट उघड केला आहे.)

मालिकेची पार्श्वभूमी काय?

सिडनीहून लॉस एंजेलिसकडे निघालेले ओशॅनिक एअरलाइन्सचे ८१५ क्रमांकाचे विमान हवेतच दुभंगते. त्याच्या मधल्या भागातील ४८ जण वाचून किनाऱ्यावर येतात. जेफ्री लीबर, जे. जे. अब्राम्स आणि डेमन लिंडेलॉफ हे मालिकेचे निर्माते-लेखक. चित्रीकरण हवाईतील ओआहू बेटावर झाले आणि किनाऱ्यावरचे अवशेष म्हणून सेवेतून बाद झालेल्या खऱ्या विमानाचे तुकडे वापरले गेले. संगीतकार मायकेल जियाकिनो यांनी तालवाद्य म्हणूनही विमानाच्या तुकड्यांचा वापर केला. बेटावरची प्रत्येक घटना एका पात्राच्या भूतकाळाशी जोडायची, ही मालिकेची रीत. चौथ्या भागात पाळी येते जॉन लॉक या टक्कल पडलेल्या, अबोल माणसाची.

या भागात काय घडते?

अपघाताला चार दिवस झाले आहेत. विमानातील खाणे संपले आहे आणि मृतदेहांच्या वासाने रानडुकरे विमानाच्या सांगाड्यात शिरत आहेत. लॉक आपली सुऱ्यांनी भरलेली पेटी उघडतो आणि शिकारीचा बेत मांडतो. केट आणि मायकेल त्याच्यासोबत निघतात. दुसरीकडे लॉकचा भूतकाळ उलगडतो. तो खोके बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी करतो, तरुण वरिष्ठाची टिंगल सोसतो. जेवणाच्या सुट्टीत लुटुपुटुच्या युद्धाचा बैठा खेळ खेळतो आणि ऑस्ट्रेलियाच्या रानात पायी भटकंतीला जाण्याचे स्वप्न पाहतो. शेवटी कळते, की ऑस्ट्रेलियातल्या सहल कंपनीने त्याला बसमध्ये घेतलेच नाही. तो टेबलामागून बाजूला होतो आणि प्रेक्षकांना पहिल्यांदाच त्याची व्हीलचेअर दिसते. चार वर्षे तो चालू शकत नव्हता. बेटावर पडल्या पडल्या त्याच्या पायाची बोटे हलली.

पहिल्यांदा पाहताना काय निसटते?

सारे काही समोर असते. भूतकाळातील एकाही दृश्यात लॉक उभा नाही. कार्यालयात तो टेबलाशी आहे, जेवताना खुर्चीत, घरी फोनवर बोलताना अंथरुणावर. दिग्दर्शक जॅक बेंडर यांनी कॅमेरा अशा ठिकाणी ठेवला आहे, की प्रत्येक बैठक नैसर्गिक वाटावी. सहकाऱ्यांपुढे लॉक दोन्ही पाय गमावलेल्या नॉर्मन क्राउचर या गिर्यारोहकाचा दाखला देतो, तो पहिल्या वेळी निव्वळ फुशारकीसारखा वाटतो. भागाची सुरुवातच लॉक आपल्या पायांकडे पाहतो या दृश्याने होते. रानडुकराच्या धडकेनंतर तो जमिनीवर पडून राहतो; केट हाक मारते, तरी क्षणभर उठत नाही. पहिल्या वेळी वाटते, त्याला दम लागला आहे. दुसऱ्या वेळी कळते, की पाय पुन्हा गेले की काय, या भीतीने तो गोठला आहे. लेखक डेव्हिड फ्युरी यांनी माहिती लपवली नाही, फक्त तिचा अर्थ उशिरा दिला. या पटकथेला एमीचे नामांकन मिळाले, तर २००५ मध्ये मालिकेने सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी जिंकला. लॉक साकारणाऱ्या टेरी ओ’क्विन यांना २००७ मध्ये सहायक अभिनेत्याचा एमी मिळाला.

अंत्यसंस्काराचा वाद का महत्त्वाचा?

धक्क्याच्या ओझ्याखाली या भागातील दुसरा धागा विसरला जातो. डॉक्टर जॅक मृतदेहांसह विमानाचा सांगाडा जाळून टाकायचे ठरवतो. पुरले तर जनावरे उकरतील, हा त्याचा मुद्दा. इराकी सैन्यात काम केलेला सईद आक्षेप घेतो : मृतांचा धर्म कोणता, त्यांची इच्छा काय, हे कोणी विचारले आहे का? लंडनमध्ये मल्याळी कुटुंबात जन्मलेले नवीन अँड्र्यूज यांनी ही भूमिका केली आहे. भारतीय प्रेक्षकाला चितेचे दृश्य ओळखीचे वाटते. पण दफनाची परंपरा असलेल्या माणसांसाठी तीच आग नाइलाज ठरते. शेवटी गर्भवती क्लेअर पासपोर्ट आणि सामानावरून मिळालेल्या तपशिलांच्या आधारे प्रत्येकाविषयी दोन शब्द वाचते. जगण्यासाठी अन्न लागते तसा निरोपाचा विधीही लागतो, हे इथे भाषण न देता सांगितले आहे.

आक्षेप कोणता घेता येतो?

‘वॉकअबाऊट’ हा शब्द ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भटकंतीसाठी वापरला जातो. भागात त्याची जागा पैसे भरून घेण्याच्या साहसी सहलीने घेतली आहे आणि आदिवासी कुठेच दिसत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. अपंग पात्र बरे झाल्यावरच ‘खरे’ जगू लागते, हा पडद्यावरचा जुना साचा आहे. लॉकही चालू लागल्यावरच शिकारी आणि वाटाड्या होतो. मात्र सहल कंपनीतील दृश्य या साच्याच्या विरोधात जाते. तिथे लॉकला अडवणारे त्याचे पाय नसतात. त्याला काय जमेल, हे त्याला न विचारताच ठरवणारा माणूस असतो. त्या दृश्यात लॉक ओरडतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. चमत्कार घडला नसता, तर त्याच्या ओरडण्याला कोणी किंमत दिली असती का, हा प्रश्न भाग सोडवत नाही.

आज पुन्हा का पाहावा?

२००४ मध्ये पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागे आणि त्या काळात प्रेक्षक तर्क लढवत. आता सारा सीझन एका बैठकीत संपतो. धक्का बसतो आणि दहा सेकंदांत पुढचा भाग सुरू होतो. ‘वॉकअबाऊट’ला मात्र थोडी उसंत द्यावी लागते. शेवटच्या दृश्यात चितेच्या उजेडात लॉक आपली रिकामी व्हीलचेअर पाहतो आणि हसतो. सभोवतीची माणसे मृतांसाठी रडत असताना याच अपघाताने एका माणसाला हवे ते दिले आहे. हे हसू पुढच्या साऱ्या मालिकेच्या मुळाशी आहे : इतर सारे सुटकेची वाट पाहतात, तर लॉकला बेटावरून जायचेच नसते. त्याचे कारण हा भाग पुन्हा पाहिल्यावर अधिक नीट समजते.